कुंकवाचा व्हायरस

कोपरीच्या घरी कॉम्प्युटर आला आणि बाबांनी त्यावर घराण्याचा कुलवृत्तान्त टाइप करायला घेतला. दसऱ्याला आईने त्याचीही हळदकुंकू वाहून पूजा केली. दुसऱ्या दिवशी तो सुरूच होईना.

डोंबिवलीहून आलेला दुरुस्तीवाला म्हणाला, "व्हायरस आहे. सगळं पुसावं लागेल."

"कुंकू गेलं असणार आत," बाबा आईकडे बघत म्हणाले.

व्हायरस असा येत नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. पण बाबांनी निकाल देऊन टाकला होता. मित्राकडून आणलेली, दसऱ्याच्या दुपारी मी गुपचूप कॉम्प्युटरमध्ये घातलेली गेमची फ्लॉपी माझ्या दप्तरात होती. मी दप्तर कॉटखाली सरकवलं.

शिक्षा आईला झाली. महिनाभर रोज संध्याकाळी ती जुन्या वहीतली नावं वाचायची आणि बाबा पुन्हा टाइप करायचे.

एवढ्या वर्षांनी, परवा मी तिला खरं सांगून टाकलं. ती मटार सोलत होती.

"बरं केलंस रे," ती म्हणाली. "पहिल्या खेपेला त्यात एकाही लेकीचं नाव नव्हतं. दुसऱ्यांदा मी वाचताना घालत गेले, आणि हे मान खाली घालून टाइप करत गेले."