टोपीनं न मोजलेली माणसं

केरबाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर लागत नसे. उठायचा, म्हशीला पेंड टाकायचा, चहा घ्यायचा आणि इंदुरीच्या फाट्यावर तळेगावच्या टेम्पोची वाट बघत उभा राहायचा. टेम्पो वेळेवर आला की ड्रायव्हरकडं संशयानं बघायचा. आज कसा काय वेळेवर?

स्वभावच तसा. सळईचा भारा उतरला की एखादी सळई स्वतः वाकवून बघितल्याशिवाय पुढं जायचा नाही. तरुणपणी तो घाटात रस्त्याच्या कामावर होता. तिथल्या ठेकेदारानं 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणत सगळा उन्हाळा झुलवलं होतं. तेव्हापासून पुढचं सांगणाऱ्या माणसावरचा त्याचा विश्वास उडाला.

आता तो मुकादम होता. तळेगावात एका नव्या सोसायटीच्या बिल्डिंगवर सळई बांधायचं काम त्याच्या टोळीकडं होतं. टोळीत दहा माणसं, सगळी गावाकडची. हे काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. कमरेत वाकायचं, दोन सळया एकमेकींना ओलांडतात तिथं तार घालायची, आकड्यानं पिळायची, पुढं सरकायचं. दिवसभर हेच. संध्याकाळी कंबर सरळ व्हायला घरापर्यंतचा रस्ता पुरत नाही.

उन्हाळ्यात कंपनीनं पुण्याहून अतुल नावाचा साहेब पाठवला. त्यानं सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटल्या. प्रत्येक टोपीत नखाएवढी चिप. कोण कुठं आणि किती वेळ आहे ते चिप सांगणार, वरून ड्रोन फोटो काढणार, आणि काम कधी संपेल ते ऑफिसातलं यंत्र आधीच सांगणार.

"प्रोजेक्ट मॅनेजमेंट आता असंच होणार," अतुल म्हणाला. "पाच वर्षांनी साइटवर मुकादम लागणारच नाही. कुणी कुठं उभं राहायचं ते यंत्रच सांगेल."

"आन् शिव्या कोण देणार?" केरबानं विचारलं.

टोळी हसली. अतुलही हसला. 'मुकादम लागणारच नाही' हे मात्र केरबाच्या डोक्यात राहिलं.

थोड्याच दिवसांत यंत्राच्या यादीत सातव्या मजल्याच्या नावापुढं लाल पट्टी आली. साइटची इंजिनिअर माधवी, तळेगावचीच मुलगी. तिनं टॅबलेट त्याच्यापुढं धरला.

"केरबाभाऊ, यंत्र म्हणतंय तुमची बांधणी उशिरा होणार."

"कशावरनं?"

"मागच्या मजल्यांच्या वेगावरून."

"मागच्या मजल्याला सळईच उशिरा आलती. ते सांगितलं का त्याला कुणी?"

"ते मी टाकलंय. तरी लालच दाखवतंय." ती जरा थांबली. "लाल पट्टीच्या टोळीला तुंगार्लीचं काम द्यायचं नाही, असं वरून आलंय."

तुंगार्लीच्या तळ्याच्या वरच्या अंगाला बंगल्यांची रांग होणार होती. वर्षभराचं काम. ते गेलं तर टोळी फुटणार होती. भागूबाईसारखी बाई कुणाच्या तरी बंगल्यावर झाडलोट करणार, बाकीचे नाक्यावर उभे राहणार.

केरबाला वाटलं, टोपी ऐकते. जेवायच्या वेळी तो सगळ्यांना टोप्या काढून लांब पाण्याच्या पिंपावर ठेवायला लावू लागला.

"मुकादम, मी माझ्या टोपीला सुनेचं गाऱ्हाणं सांगून ठेवलंय," भागूबाई म्हणाली. "बगू घरी कवा पोचतंय."

मग त्याला टोळीतल्या सत्यमचा संशय आला, कारण सत्यम सारखा मोबाईलवर असायचा. मग माधवीचा, कारण लाल पट्टी तिच्याच हातात असायची. कुणावरच काही शाबीत झालं नाही. माणसानं वाकडं केलं तर त्याच्यासमोर जाऊन उभं राहता येतं. यंत्रासमोर उभं कुठं राहायचं?

शेवटी त्यानं ठरवलं, यंत्राला खोटं पाडायचं.

मावळात भातलावणीला सावड करतात. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. पैसे नसतात, हाताला हात. केरबाचा मेव्हणा कोंडाजी, त्याचीही सळईचीच टोळी होती आणि माल नसल्यानं त्याची साइट बंद होती. केरबा त्याच्याकडं गेला.

"साइटवर सावड?" कोंडाजी म्हणाला. "दाजी, तितं काय भात लावायचंय?"

"लोखंड लावायचंय. येतो का न्हाई?"

"येतो की. पण फेडताना कंबर दुखती म्हणू नका."

रविवारी साइटला सुट्टी. वॉचमन ओळखीचा. दोन्ही टोळ्या सातव्या मजल्यावर चढल्या. केरबाच्या माणसांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या होत्या, कोंडाजीच्या माणसांच्या डोक्यावर आपल्या जुन्या, बिनचिपच्या. दिवस मावळायच्या आत सगळी जाळी बांधून झाली. केरबानं गाठी हात लावून तपासल्या. मेव्हण्याच्या टोळीच्या दोनदा तपासल्या.

सोमवारी ड्रोन फिरला आणि पट्टी हिरवी झाली. तुंगार्लीचं काम केरबाच्या टोळीला मिळालं. अतुलनं फोन करून शाबासकी दिली. केरबा दिवसभर मिशीत हसत होता.

संध्याकाळी माधवीनं तुंगार्लीचा आराखडा दाखवला. त्यात टोळीची माणसं निम्मीच होती.

"हे काय?"

"तुमच्या दहा टोप्यांनी रविवारी जेवढं काम केलं, त्यावरून यंत्रानं काढलंय. म्हणतंय ही टोळी दुप्पट वेगानं काम करते. मग तिकडं पाच माणसं पुरतील."

केरबा खाली आला आणि सळयांच्या ढिगाऱ्यावर बसला. भागूबाईनं विचारलं, "काय झालं? हिरवी पट्टी बाधली व्हय?"

त्यानं सांगितलं. ती तिथंच उकिडवी बसली.

"निम्मी काढायची म्हंजे पयली मीच. म्हातारी झाले ना."

"आन् जी राहतील ती रोज दुप्पट वाकणार," केरबा म्हणाला. "रविवारचा जोर रोज कुणाच्यानं लागंल? लावला तर म्हैन्यात आडवी पडतील."

"मग सांगा की त्या पोरीला खरं."

"सांगितलं तर पट्टी परत लाल. सगळ्यांचंच काम जाईल."

"जाऊ द्या. पण कुणाला काढायचं ते तुमी बोट दाखवून सांगणार का? तुमच्या तोंडून निगंल ते?"

नाही निघालं असतं. दुसऱ्या दिवशी माधवी यायच्या आधीच तो ऑफिसच्या दारात उभा होता.

"मॅडम, रविवारी आमी एकटे नव्हतो. मेव्हण्याची टोळी सावडीला आलती."

माधवीचा चेहरा उतरला. "नोंद नसलेली माणसं सातव्या मजल्यावर? केरबाभाऊ, त्यातलं कुणी पडलं असतं तर मी कुणाच्या घरी निरोप धाडला असता? मला तर ती माणसं तिथं होती हेच माहीत नव्हतं."

हे केरबाच्या मनातच आलं नव्हतं. सावडीला आलेल्या माणसाची कधी कुणी नोंद केली नव्हती. खाचरात पडलं तर चिखलात पडतं.

"चुकलं," तो म्हणाला.

तिनं स्पीकरवर अतुलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. अतुल उखडला. मग म्हणाला, "म्हणजे यंत्राचं बरोबरच होतं. ही टोळी उशीरच करणार होती."

"एकटी करणार होती, सर," माधवी म्हणाली. "दोन्ही टोळ्या मिळून किती करतात तेही आता त्याला कळलंय. कोंडाजींच्या लोकांनाही टोप्या द्या आणि तुंगार्ली दोघांत वाटा. मुदत गाठता येईल."

अतुलनं मुदतीची तारीख परत विचारून घेतली. मग 'ठीक आहे' म्हणाला.

केरबाला ते पटेना. इतक्या सहज हो म्हणाला? त्यानं माधवीकडून करार दोनदा वाचून घेतला, दोन्ही वेळा नीट कान देऊन ऐकला. वर्षाचं काम सहा महिन्यांवर आलं, पण टोळीतलं एकही माणूस कमी झालं नाही. कोंडाजी म्हणाला, "दाजी, सावड फिटली. एवढी महाग सावड मी बगितली न्हवती."

तुंगार्लीला सगळ्यांच्या डोक्यावर पिवळी टोपी होती. जेवताना सगळ्या टोप्या पिंपावर जात, तो नियम केरबानं शेवटपर्यंत मोडू दिला नाही.

त्या कामाच्या पहिल्या मजुरीतून त्यानं सिमेंट आणि कडाप्पा आणला. त्याची बायको रेणुका लग्न झाल्यापासून परसात उकिडवी बसून भांडी घासत होती. उभं राहून घासता येईल असा ओटा तिला हवा होता. केरबानं सुट्टीच्या दिवशी वीट लावायला घेतली, कोंडाजी मदतीला आला.

"कवा व्हईल?" रेणुकानं विचारलं.

केरबानं आजूबाजूला बघितलं. पिवळी टोपी कुठं दिसत नव्हती.

"दिवाळीच्या आत," तो हळूच म्हणाला.

ओटा दिवाळीच्या आत झाला. रेणुकानं पहिल्या दिवशी घरातली धुतलेली भांडीसुद्धा काढून परत घासली, उभ्यानं.