गप्प राहण्याचा पर्याय

आमच्या पवनीत तो समुरायचा गेम दोनच माणसांनी खेळला असेल, एक माझा मोठा भाऊ आणि दुसरा मी. दादाने नागपूरहून व्हिडिओ गेमचा जुना डबा आणला, तेव्हा दुकानदाराने ही सीडी त्याच्यासोबत अशीच टेकवली होती, खपत नव्हती म्हणून. मित्र घरी आले की दहा मिनिटं बघायचे आणि क्रिकेट लावा म्हणायचे. त्यांचंही चुकत नव्हतं. गेममध्ये एकच गाव, एकच नदी, तिच्यावर एकच पूल आणि सगळी माणसं गोट्यासारख्या तोंडाची. इंटरनेटवर शोधलं तर चार जणांनी लिहिलेलं सापडलं, तेही नाकं मुरडून.

पण गोष्ट काय होती! मालक गमावलेला एक समुराय, म्हणजे जुना जपानी योद्धा, त्या गावात येतो. गावात दोन घराण्यांचं हाडवैर. कोणी भेटलं की पडद्यावर तीन पर्याय येतात: तलवार काढा, मान तुकवा किंवा गप्प राहा. तुम्ही जे निवडाल त्यावरून पुढे कोण जगतं, कोण मरतं, गाव राहतं की जळतं ते ठरतं. दोन तासांत गोष्ट संपते आणि दुसऱ्यांदा खेळलात तर वेगळीच निघते. त्या गेमची कोणी कदर केली नाही याचा मला अजूनही राग येतो.

दादा पुलावर पोचला की तलवार काढायचा आणि बहुतेक वेळा तिथेच मरायचा. मी गप्प राहायचो. गप्प राहिलं की दोन्ही घराण्यांना वाटायचं, हा आपलाच माणूस. दोन्हीकडे जेवण मिळायचं, दोन्हीकडची गुपितं कळायची. सगळ्यात चांगले शेवट त्याच वाटेवर होते. दादा चिडवायचा, "तोंडात मिठाची गुळणी धरून जिंकते हा. याले कोण समुराय म्हणन?"

हे सगळं समोरच्या खोलीत चालायचं, आणि त्याच खोलीत बाबांचा हातमाग होता. आई आम्ही शाळेत असतानाच गेली, त्यामुळे घर म्हणजे आम्ही तिघं आणि तो माग. बाबा कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचे. गल्लीत तेवढा एकच माग चालू राहिला होता. आवाज कमी करा असं ते आम्हाला कधी म्हणाले नाहीत. एकदा धोटा थांबवून त्यांनी विचारलं, "हा तं मेला होता ना रे? मंग परत कसा चालून राहिला?" मी म्हटलं, "पहिल्यापासून सुरू केला, बाबा." "बरं हाय त्याचं," म्हणाले आणि पुन्हा विणायला लागले.

मागाची एक रीत इथे सांगायला हवी. कापडाचे उभे धागे, म्हणजे ताणा, फणीतून आणि तिच्यामागच्या दोऱ्यांच्या फासांतून एकेक करून ओवलेले असतात. कापड उतरवलं तरी हे धागे काढायचे नाहीत. त्यांची टोकं मागावर तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा, बोटांना राख लावून, त्यांना पीळ देऊन सांधायचा. मग जुनं ओढलं की नवं आपोआप ओवलं जातं. आमच्या मागावरची ओवणी आजोबांच्या काळापासून मोडलेली नव्हती. सांधायला बाबांसमोर मी बसायचो. दादा त्या कामाला कधीच बसला नाही, त्याला मोबाईलच्या दुकानाचं वेड होतं.

मग बाबांच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात आणि डावा पाय. मी त्यांना घेऊन नागपूरच्या दवाखान्यात होतो. तिथे एका दुपारी दादाचा फोन आला.

"आसगावचे पाहुणे रविवारी येऊन राहिले, मले पाहाले. समोरच्या खोलीत बसवा लागन. माग खोलून मांगच्या पडवीत ठेवतो. धागे काढून टाकू ना?"

मला माहीत होतं. फणी, फास आणि धागे एकत्र गुंडाळून तसेच उचलता येतात, हे एक वाक्य सांगायचं होतं. पण नाही म्हणावं तर दादा म्हणणार की तूही बाबांच्याच बाजूचा, लग्नाआधीच माझं घर अडवून बसला. हो म्हणावं तर उद्या बाबांना काय तोंड दाखवू? आणि खरं सांगायचं तर, बाबा आता मागावर बसणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले होते आणि मलाही त्या खटखटीचा कंटाळा आला होता. मी काहीच बोललो नाही.

"हॅलो? आयकून राहिला ना?" दादा म्हणाला. "बरं, काढतो मंग."

महिन्याभराने बाबांना घरी आणलं. काठी टेकत ते आधी पडवीत गेले. दादाने माग फार जपून ठेवला होता. लाकडाला तेल लावलं होतं. फणीतला धागा न् धागा उपसून, ती धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळली होती. बाबांनी कागद उलगडला आणि रिकामी फणी उजेडात धरली. पुन्हा ओवणारा माणूस गल्लीत उरला नव्हता, आणि बाबांचा हात तर उठतच नव्हता.

"कोणं काढलं?"

मी उभा होतो. दादा आतून आला.

"तुले कोणाले पुसता नाही आलं?" बाबा त्याला म्हणाले.

दादाने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "नाही पुसलं, बाबा. चुकलं माझं."

त्यानंतर बाबा दादाशी बोलले नाहीत. लग्नाला मांडवात बसले, पण हातातल्या अक्षता त्यांनी टाकल्या नाहीत. लग्न होताच दादाने कोंढ्याला दुकान काढलं आणि बायकोला घेऊन तिकडेच राहिला. समोरची खोली रिकामी पडली. गेमचा डबा त्याने माझ्यासाठी ठेवला, त्याला मी हात लावला नाही. आमच्यात त्या फोनचा विषय कधी निघाला नाही. तो काढेल अशी मला भीती होती, आणि तो काढत नाही याची लाज वाटायची.

बाबांना आज सांगतो, उद्या सांगतो करत मी दोन वर्षं काढली. कधी त्यांचं बीपी वाढलेलं असायचं, कधी मूड बरा असायचा आणि तो बिघडवावासा वाटायचा नाही. एवढी कारणं मी आयुष्यात दुसऱ्या कशासाठी शोधली नाहीत. मग दुसऱ्यांदा वारं गेलं, ते थेट डोक्यात. आता त्यांना माणूस ओळखू येत नाही, बोललेलं कळत नाही.

परवा दादा आला होता. खाटेजवळ बसला, पाय चेपले, हाक मारली. बाबांनी तोंड फिरवलं. ते सगळ्यांपासूनच फिरवतात.

"अजून राग गेला नाही त्यायचा," दादा म्हणाला.

मी त्याला सांगितलं की हे आजारपण आहे. त्याला पटलं नाही. निघताना उंबऱ्यावरून त्याने आत वाकून नमस्कार केला आणि गाडीला किक मारली.

आता मला सगळं सांगता येतं. दुपारी वरणभात कालवताना मी बाबांना सांगतो, दादाने विचारलं होतं. फोन केला होता, बाबा. मीच ‘नाही’ म्हणालो नाही. ते माझ्याकडे बघतात आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडतात.