जाळीत अडकलेली कामटी

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. माझी शेवटची नेमणूक नंदुरबार तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात होती. एका सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो. तेवढ्यात कोरीटकडच्या एका शाळेतल्या शिक्षिका आल्या. पर्समधून रुमाल काढून त्यांनी तो माझ्या टेबलावर उलगडला. आत बोटभर लांबीची, गुलाबी रंगवलेली बांबूची कामटी होती.

बाईंच्या आईला पक्षाघात झालेला. आठवड्यातून दोनदा व्यायामोपचारासाठी तिला नंदुरबारला न्यावं लागे आणि रिक्षातले धक्के तिला सोसत नसत. म्हणून बाई जुनी मोटार घेणार होत्या. गाडी जेमतेम दोन वर्षांची, आईला चढता-उतरता येईल अशी. सगळं ठरलं होतं. ओळखीच्या मेस्तरीला एकदा दाखवावी म्हणून नेली, तर बॉनेट बदललेलं निघालं. बंपरही नवा. तो खोलल्यावर आतल्या जाळीत ही कामटी सापडली.

"मेस्तरी म्हने, ताई, इंजिन चांगलं शे. गाडी लेवानी व्हई ते ले, हाई कामटी मी फेकी देस," बाई म्हणाल्या. "पण साहेब, हाई टोपलीनी कामटी शे. आमनी गल्लीमा एक बाबा सायकलवर अश्याच गुलाबी टोपल्या लई येत. चार महिनापासून दिसनात नही."

मी सावरून बसलो. चार महिन्यांपूर्वी कोरीटच्याच रस्त्यावर टोपल्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला अज्ञात वाहनाने उडवलं होतं. माणूस वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं. साक्षीदार नाही, गाडीचा नंबर नाही. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, असं लिहून तपास बंद करायचा समरीचा अहवाल माझ्या सहीसाठी तयार होता. त्याच टेबलावर, कामटीपासून हातभर अंतरावर.

गाडी पंचांसमक्ष ताब्यात घेतली आणि मालकाला बोलावलं. तिशीतला, एका कार्यालयात कारकून असलेला मनुष्य. आला आणि समोरच्या खुर्चीत बसला. ज्याने काही केलेलं नसतं तो ठाण्यात पाय ठेवताच विचारतो, मला का बोलावलं? याने विचारलं नाही.

बंपर का बदललास, असं मी विचारलं.

"रानडुक्कर आडवं उनं, साहेब."

मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि कामटी त्याच्यासमोर ठेवली. तो तिच्याकडे बघत राहिला. चहा तसाच निवला. मग त्याने विचारलं, "तो बाबा जित्ता शे का?"

त्या प्रश्नातच कबुली होती. जिवंत आहे म्हणताच तो टेबलावर डोकं टेकून रडला.

त्या दिवशी बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, रक्त थांबत नव्हतं. मागच्या सीटवर ती आणि तिची आई. वळणावर सायकल आडवी आली. "आरसामा देखं, साहेब. बाबा उठना नही. तरी मी थांबनू नही." दवाखान्यात मुलगी झाली. चार महिने झाले तरी तिचं बारसं त्याने होऊ दिलं नव्हतं. दर वेळी काहीतरी सबब.

कायद्याने जे करायचं ते केलं. जबाब, अटक, जामीन. मग पुरवणी जबाबासाठी मी म्हाताऱ्याच्या झोपडीवर गेलो. घरात भिली बोलणारा तो माणूस माझ्याशी जमेल तशी मराठी बोलत होता. एक पाय लांब करून बांबू सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं.

"पोर जगली?" त्याने विचारलं.

"जगली. मुलगी आहे."

"आई?"

"तीही बरी आहे."

त्याने मान हलवली. थोडा वेळ सुरी चालत राहिली. मग तो म्हणाला, "दवाखान्यातच जात होता ना तो? मग मला पण घ्यायचं. बाया मागं होत्या. पुढं जागा होती."

त्याच्या आवाजात राग नव्हता. माझं लिहिणं मात्र थांबलं. शब्द बदलायचा धीर झाला नाही. जसं बोलला तसं लिहून घेतलं.

कारकुनाने न्यायालयात गुन्हा कबूल केला, त्याला शिक्षा झाली. बारसं कधी केलं, ते मी विचारलं नाही. खटला संपून गाडी मोकळी झाल्यावर बाई पुन्हा ठाण्यात आल्या. "साहेब, आते ती गाडी लेऊ का नको? आईले तीच सोयनी शे. पण मन धजत नही."

"कायद्याची अडचण नाही, बाई. मनाचं मी काय सांगू?"

त्या उठल्या आणि थेट म्हाताऱ्याकडे गेल्या. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "गाडीला काय व्हतं? हाकणारा बघावा." त्यांनी गाडी घेतली. पुढे आईच्या उपचाराच्या दिवशी त्या आधी त्याच्या झोपडीवरून जात आणि त्यालाही त्याच डॉक्टरांकडे नेत. काही महिन्यांनी तो काठी टेकत चालू लागला.

मी चार महिने एक वाहन शोधत होतो. बाईंना एक माणूस दिसेनासा झाल्याचं जाणवलं होतं. त्या म्हाताऱ्याच्या घरी मी तोवर एकदाही गेलो नव्हतो, हे मला आजही लागतं. माझी नोकरी त्यानंतर दीडेक वर्ष उरली होती. त्या काळात समरीवर सही करण्याआधी मी जखमीच्या घरी जाऊन बसत असे. बहुतेक वेळा तपासाच्या हाती काही लागत नसे. तरी जात असे.