धुरपताबाईंचे डाव्या हाताचे चाडे

राणीसावरगावात रब्बीची पेरणी म्हणजे बाईच्या मुठीची परीक्षा. तीन नळ्यांची तिफण पुरुषाने हाकायची आणि बाईने मागून चालत चाड्यात, म्हणजे नळ्यांवरच्या लाकडी वाटीत, ज्वारी सोडायची. करडईची ओळ हवी असेल तर मागे दोरीने एक सुटी नळी बांधत आणि तिच्यामागे आणखी एक बाई चाले. धुरपताबाईंच्या घरात ती दुसरी बाई नव्हती. शेजारच्या कडूबाई वर्षानुवर्षे त्यांच्यासाठी चालल्या.

“किती दिस दुसऱ्याच्या पायानं पेरायचं?” म्हणत धुरपताबाईंनी भुजंग सुताराला गाठले आणि चाड्याच्या डाव्या अंगाला एक छोटी वाटी व चौथी नळी बसवून घेतली. उजव्या हाताने ज्वारी, डाव्याने करडई. पहिल्या साली नळी तुंबली. पुढच्या साली नळी चालली, पण डावा हात ऐकेना. मग उन्हाळाभर त्या दोन्ही मुठींतून राख सोडत अंगणात येरझारा घालत राहिल्या.

“अंगण पेरायलीस का?” त्यांचे पती किशनराव हसत.

“उगवलं तर तुमालाच काढायला लावीन,” मान वर न करता त्या म्हणत.

त्या साली चारही ओळी एकसारख्या उगवल्या.

किशनरावांचा पुतण्या अनंतराव गंगाखेडला मास्तर होता. पीक पाहून तो म्हणाला, “काकू, नव्या शोधाची नोंद हैदराबादेत होते. हक्क मिळतो. सरकारी अहवालात आपल्या जिल्ह्यापुढं शून्य लिहिलंय.”

“शून्य म्हंजे?”

“म्हणजे सरकारच्या लेखी इथं कुणाला काही सुचतच नाही.”

“अन् आमी काय बैलामागं झोपा काढल्या?” धुरपताबाई भडकल्या. मग म्हणाल्या, “नाव कुणाचं लागंल? यांचं का माजं?”

“तुमचंच.”

त्या एका शब्दावर त्या तयार झाल्या. अनंतरावाने उर्दूत अर्ज केला, चाड्याचे चित्र जोडले आणि बजावले, “निकाल लागेपर्यंत हे दुसऱ्याच्या रानात जाता कामा नये. सगळे वापरू लागले तर नवं राहत नाही.”

पुढच्या पेरणीला धुरपताबाईंनी चाड्यावर गोणपाट पांघरले आणि त्याखाली हात घालून पेरू लागल्या. गावात चाडे कधी कुणी झाकत नसे; सणाला त्याला हळदकुंकू लावून दारात ठेवायचे. बायका कुजबुजल्या, “झाकून पेरायलीय. करणीचं दिसतंय, बाई!” धुरपताबाईंनी ते ऐकले आणि गिळले. नाव हवे होते.

त्याच आठवड्यात कडूबाईंच्या पायाला नारू झाला. सून चाड्यावर उभी राहिली, पण करडईमागे चालायला कोणी मिळेना. ज्याची त्याची पेरणी चालू होती आणि जमिनीतली ओल रोज खाली जात होती. कडूबाई बांधावर पाय पसरून बसल्या होत्या.

“धुरपते, तुज्या नळीमागं चालून माजे पाय झिजले. आता तुजं गोणपाट बघत बसू का?”

धुरपताबाई तशाच माघारी वळल्या. घरी अनंतराव आला होता. त्याने कळवळून सांगितले, “काकू, चारच महिने दम धरा.”

“आरं, ओल दम धरती का?”

त्यांनी गोणपाट काढून दावणीत फेकले, चाडे खांद्यावर घेतले आणि कडूबाईंच्या रानात जाऊन त्यांच्या सुनेची डावी मूठ स्वतःच्या मुठीत धरून पहिल्या ओळी पेरल्या. बांधाबांधावर बायका जमल्या. महिनाभरात भुजंगाला तशाच चाड्यांशिवाय दुसरे काम उरले नाही.

हैदराबादेहून विचारणा आली: वस्तू आणखी कुठे वापरात आहे काय? “नाही लिहितो,” अनंतराव म्हणाला. “लबाडीवर माजं नाव नको,” धुरपताबाई म्हणाल्या. अर्ज फेटाळला गेला. जिल्ह्यापुढचे शून्य तसेच राहिले.

याचे त्यांना दुःख झाले नाही असे नाही. “ते माजं हाय,” हे त्या भेटेल त्याला सांगत. कुणी मानत, कुणी हसत. काही वर्षांनी सोयरिकीसाठी त्या देवगाव फाट्याकडे गेल्या, तेव्हा एका शेतात एक तरुण बाई दोन्ही हातांनी पेरत होती.

“मावशी, बघितलं का कधी असलं? आमच्याकडंच निघालंय हे!” ती ऐटीत म्हणाली.

धुरपताबाईंनी पदर खोचला आणि तिच्या मागून चालू लागल्या.

“निघू दे, पोरी. पर मूठ जरा आवळ. करडई लय दाट पडायलीय.”