गाईला म्हशीची फॅट

मला राग लवकर येतो आणि चूक कबूल करायला वेळ लागतो. भिंगारच्या घरातली वरची खोली हेच माझं ऑफिस. तिथे बसून मी दूध संकलन केंद्रांसाठी, दुधाचा भाव जिच्यावर ठरतो ती फॅट मोजायचं यंत्र बनवते. म्हणजे त्याच्या आतला छोटा बोर्ड विकत आणते आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम लिहिते. कोणी दारातही उभं करत नव्हतं तेव्हा कोल्हारजवळच्या एका केंद्राच्या सचिवांनी माझं पहिलं यंत्र बसवून घेतलं.

महिन्याभरात त्यांचा फोन आला. "ताई, आकडे इकडचे तिकडं हुतायत. लोक म्हनत्यात, सचिवच कायतरी करतोय. सोमवारी मीटिंग हाय. मला काढायचं चाललंय."

"तुम्ही दूध नीट ढवळत नसाल," मी फणकारले. जन्म दुधात गेलेल्या माणसाला मी हे ऐकवलं! ते एवढंच म्हणाले, "एकदा येऊन बगा."

रविवारी सकाळी गेले. तिथे माणसं रांगेत उभी राहत नाहीत, किटल्या राहतात. किटली आपल्या ठरलेल्या जागी ठेवायची आणि कट्ट्यावर गप्पा मारत बसायचं. एका मावशींनी मला बाजूला घेतलं.

"माजी जर्सी गाय. तिला सात फॅट लागतीय. एवढी म्हशीला लागती. मला नको बाई लोकाचं."

त्यांच्या पुढची किटली रोज एका म्हशीवाल्याची. त्याला मात्र गाईएवढी साडेतीन लागायची आणि सचिवांना काढा म्हणून सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडत होता.

जास्तीचं मिळत असताना तक्रार करणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी मावशींना किटली दोन जागा मागे ठेवायला सांगितली. त्या सकाळी सात फॅट म्हशीवाल्याच्या मागे आलेल्या दुसऱ्याच गाईला लागली. म्हणजे प्रत्येकाला आपल्या पुढच्याची फॅट मिळत होती. दोष दुधात नव्हता, माझ्या यंत्रात होता.

तिथेच पत्र्याखाली लॅपटॉप उघडला. मी लिहिलेला प्रोग्रॅम बोर्डाला कळेल असा करून देणाऱ्या हत्यारांच्या संचाला टूलचेन म्हणतात. ती बांधताना कर्नलच्या, म्हणजे बोर्डाच्या मूळ कारभाऱ्याच्या, हेडर फाईल्स लागतात. कोणता आकडा कितव्या खणात आहे, हे त्यांत लिहिलेलं असतं. बोर्ड बनवणाऱ्यांनी कर्नलमध्ये एक खण वाढवला होता: चालू मापाच्या आधी मागचं माप. त्यांनी स्वतःची हेडर्सही दिली होती. मी ती उघडलीसुद्धा नाहीत. "हेडर्स काय, सगळीकडे सारखीच" म्हणून नेहमीची घातली, आणि माझा प्रोग्रॅम रोज मागचा खण वाचत राहिला.

बोर्डाची हेडर्स घालून टूलचेन पुन्हा बांधायला दुपार गेली. सचिव घरून पिठलं-भाकरी घेऊन आले. चूक कोणाची, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

संध्याकाळच्या दुधाला म्हशीवाल्याला सात लागली. मावशींना तीन पॉइंट चार. आकडा बघून त्या खूश होऊन म्हणाल्या, "व्हय, हीच माजी गाय!"

मी कट्ट्यासमोर उभी राहिले. "चूक माझी होती. यांची काहीच नाही." म्हशीवाला सचिवांना म्हणाला, "उंद्याची मीटिंग ऱ्हाऊ द्या."

मावशींचे आभार मी हात धरून मानले. सचिवांची माफी मागायला गेले, तर ते यंत्र पुसता पुसता म्हणाले, "शेजारच्या केंद्रावर तुमचंच यंत्र घ्या म्हनून सांगितलंय. परवाच."

"परवा? तुम्हाला काढायचं चाललं होतं तेव्हा?"

"मंग? यंत्र तुमचं हाय. तुमी येऊन नीट करनार, हे ठाव हुतं मला."