पहिला धारक

दादा गेला त्या वर्षी, गणपती बसायच्या थोडं आधी, आमच्या सांगलीच्या घरी एक जाड पाकीट आलं. कुरियरवाल्यानं वरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "आहेत का घरात?" नाव दादाचं होतं. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "हाय. द्या हिकडं."

दादा माझा थोरला भाऊ. साताऱ्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या ओतकामाचा एक कारखाना आहे, तिथं तो आयटीआय करून लागला आणि पुढं सुपरवायझर झाला. कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा जुन्या कामगारांना स्वस्तात शेअर दिले गेले. दादानं थोडे घेतले आणि दुसरं नाव आईचं लावलं. त्यानं लग्न केलं नव्हतं. आठवडाभर साताऱ्यात खोलीवर राहायचा आणि सुट्टीला आमच्याकडं यायचा. मी सांगलीत कॉलेजात मराठी शिकवते. वडील गेल्यापासून आई माझ्याजवळच असते.

अपघात दिवसपाळीत झाला. वितळलेलं लोखंड ज्या मोठ्या बादलीतून नेतात तिला तिथं लॅडल म्हणतात. क्रेनची साखळी निसटली आणि लॅडल कलंडली. दोघं गेले. एक दादा. दुसरा त्याच्या शेजारी उभा असलेला कंत्राटदाराचा माणूस. तो माण तालुक्यातला, आमच्याच मूळ गावाशेजारचा. दादानंच त्याला तिथं कामाला लावला होता.

त्या पाकिटात कंपनीचा वार्षिक अहवाल होता. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर लालभडक भट्टीचं चित्र. मी तो लपवायला निघाले, तर आईनं हात धरला.

"वाच."

"आई, यात सगळे आकडे आहेत. मलाच कळत नाहीत."

"त्याच्या नावानं आलंय न्हवं? मंग वाच. त्यो कुठं हाय ह्यात ते सांग."

आईला अक्षरओळख नाही. मला आकड्यांची नाही. पहिल्या दिवशी मी अध्यक्षांचं निवेदन तेवढं मराठीत करून सांगितलं. त्यात बाजारपेठ होती, निर्यात होती, नवी यंत्रं होती. शेवटी एक वाक्य होतं : वर्षभरात घडलेल्या एका दुर्दैवी घटनेबद्दल कंपनी खेद व्यक्त करते. नाव नव्हतं. आई म्हणाली, "फुडं?"

पुढचं मला येत नव्हतं. आमच्या कॉलेजात वाणिज्य शिकवणाऱ्या एक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. मी अहवाल घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी कारण विचारलं नाही. स्टाफरूममध्ये चहा घेता घेता त्या एकेक पान उलगडत गेल्या आणि मी घरी जाऊन आईला सांगत गेले. ताळेबंद म्हणजे एका ठरावीक दिवशी, मार्चअखेरीला, कंपनीकडं काय आहे आणि ते कुणाच्या पैशानं उभं आहे याचा हिशेब. नफा-तोटा पत्रक म्हणजे त्या दिवसापर्यंत वर्षभरात काय आलं, काय गेलं. आई माणच्या मेंढरांत वाढलेली. ती म्हणाली, "म्हंजे एक वाड्यात आज किती मेंढरं हायती त्ये. आन दुसरं सालभरात किती जलमली, किती इकली, किती मेली त्ये."

"हो, तसंच."

"मंग मेल्याल्यात बघ."

मी पाहिलं. पगारावरचा खर्च, विजेचा खर्च, दुरुस्ती, इतर खर्च. बाई म्हणाल्या होत्या की आम्हाला मिळालेली कायदेशीर भरपाई विम्यातून गेली असेल किंवा इतर खर्चात कुठंतरी मिसळली असेल, वेगळी दिसणार नाही. मी आईला 'इतर खर्च' या शब्दांवर बोट ठेवून दाखवलं. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.

मग घसाऱ्याचं पान आलं. यंत्र झिजतं म्हणून त्याची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी धरतात. क्रेन ताळेबंदात होती. भट्टी होती. त्यांची झीज वर्षानुवर्षं नीट लिहिलेली होती. आई म्हणाली, "लोखंडाचं लिव्हत्यात. माणसाचं न्हाई?" मी म्हटलं, माणूस कंपनीच्या मालकीचा नसतो, म्हणून तो ताळेबंदात येत नाही. त्या दिवसापासून घरात ओतकामाच्या साच्यातल्या जळक्या वाळूचा वास येतो असं ती म्हणायला लागली. दादाच्या कपड्यांना यायचा तसा. मी खिडक्या उघडायचे. नदीकडचा वारा आत यायचा. खरं सांगायचं तर वास मलाही यायचा.

दरवर्षी पाकीट येत राहिलं. मयताचं नाव कमी करायचा अर्ज मी आणून ठेवला होता, आई अंगठा देईना. "त्याचं नाव खोडू नगंस," एवढंच म्हणे. छापील प्रत पाठवत जा असं मी कंपनीला मुद्दाम कळवलं होतं. पाकीट आलं की आई पदराला हात पुसून समोर बसायची.

तिसऱ्या की चौथ्या अहवालात मी टिपांपर्यंत पोचले. बाईंनी सांगितलं होतं, आकडे पुढं असतात पण खरी हकीकत मागं बारीक अक्षरांत असते. तिथं एक टीप होती, संभाव्य देयतांची. म्हणजे जे देणं अजून ठरलेलं नाही, कदाचित द्यावं लागेल, कदाचित नाही, म्हणून ताळेबंदात धरलेलं नाही, फक्त नोंदवलेलं. त्यात एक ओळ होती : कंत्राटी कामगाराच्या वारसांचा दावा, कंपनीला मान्य नाही.

आई ताठ झाली. "ह्यो त्योच. त्याच्या शेजारचा."

तोच होता. त्याच्या बायकोची केस आम्हाला ऐकून माहीत होती. कंपनी म्हणत होती की माणूस कंत्राटदाराचा, आमचा नव्हे. कंत्राटदार केव्हाच गाशा गुंडाळून गेला होता. दादा कायम नोकरीतला, म्हणून आमचं सगळं वेळेत झालं होतं. त्या कंत्राटी माणसाच्या बायकोला काहीच मिळालं नव्हतं. ती माणमध्ये शेरडं राखून पोरींना शिकवत होती.

"आपुन मालक हावं न्हवं ह्या कंपनीचं?" आईनं विचारलं.

"अगदी थोडे. भागधारक."

"मालकाला इचारता येतं का न्हाई?"

वार्षिक सभेत विचारता येतं, मी म्हणाले. आणि त्या वर्षी आम्ही साताऱ्याला गेलो.

सभा कारखान्याच्याच आवारात, कँटीनच्या हॉलमध्ये होती. गेटातून आत शिरताना आईनं माझा दंड धरला. दारात टेबल मांडून बसलेल्या मुलीनं यादी पाहिली आणि सहज विचारलं, "पहिले धारक आले नाहीत का?"

आई म्हणाली, "त्यो हितंच हाय."

मुलीनं हॉलमध्ये नजर टाकली, त्याच्या नावापुढं हजर म्हणून खूण केली आणि आम्हाला चिवड्याची पाकिटं दिली. मी दुरुस्त करायला हवं होतं, पण केलं नाही.

आत थोडी माणसं होती. भिंतीपलीकडून यंत्रांचा दणका येत होता. ठराव मंजूर झाले. कुणीतरी लाभांश का वाढवला नाही म्हणून विचारलं. मग मी माईक मागितला आणि तो आईच्या हातात दिला. तिला तो कसा धरायचा ते माहीत नव्हतं, ती तो कपाळाशी नेऊन बोलायला लागली.

"सायेब, माझा ल्योक तुमच्या भट्टीवर ग्येला. त्याचं तुमी दिलंत. त्याच्या शेजारचा बी त्याच लोखंडानं ग्येला. त्याला तुमी मान्य न्हाई असं लिव्हलंय. माझा मान्य आन त्यो अमान्य, असं कसं? लोखंडानं इचारलं व्हतं का, तू कंत्राटी हायस का म्हनून?"

अध्यक्ष वयस्क होते. त्यांनी चष्मा काढला. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यानं यावर भाष्य करता येत नाही, असं ते म्हणाले. पण सभा संपल्यावर ते आमच्याजवळ आले आणि आईला म्हणाले, "काही हवंय का तुम्हाला?"

"जागा दावा," आई म्हणाली.

अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि एका अधिकाऱ्याला बरोबर दिलं. डोक्यावर पिवळी हेल्मेटं चढवून आम्ही आत गेलो. आई त्या हेल्मेटात अगदी लहान दिसत होती. भट्टी नवी होती, क्रेन नवी होती, जमिनीवर ताजं काँक्रीट. अधिकाऱ्यानं अंदाजानं एका बाजूला हात केला. आई तिकडं गेलीच नाही. ती दुसऱ्याच एका खांबाजवळ जाऊन थांबली आणि खांबाला हात लावून उभी राहिली. "हितं," ती म्हणाली. तिथून हलायला तयार होईना. परतीच्या एसटीत मी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "हाक आली." कऱ्हाड मागं जाईपर्यंत मी तिच्याकडं पाहू शकले नाही.

पुढच्या अहवालात ती रक्कम संभाव्य देयतांमधून निघून तरतुदीत आली होती. बाईंनी फरक सांगितला : आता कंपनी मानते की हे द्यावं लागणार, म्हणून नफ्यातून तेवढं बाजूला काढून ठेवलंय. त्यानंतर तडजोड झाली. आमच्या बोलण्यामुळं झाली की वकिलांच्या सल्ल्यानं, ते मला कधीच कळलं नाही. त्या माणसाची बायको सांगलीला आली, आईच्या गळ्यात पडून रडली. "मावशी, आता धाकटीचं नर्सिंगचं हुईल," म्हणाली. जाताना आईनं तिची ओटी भरली. नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत, पण आईला त्या दिवशी कुणी अडवलं नाही.

मला वाटलं, आता आईला शांत वाटेल. नव्या अहवालात त्या दाव्याच्या ओळीसमोर चालू वर्षाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती आणि शेजारी गेल्या वर्षाचा आकडा. आई त्या रेघेवर बोट फिरवत राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी ओळच नव्हती. आईनं मला ती टीप पुन्हा पुन्हा वाचायला लावली.

"मिटलं ते, आई. देणं फिटलं की ओळ जाते."

"व्हय," ती म्हणाली. "पर त्या वळीजवळ दादा बसायचा." मग भिंतीकडं तोंड करून झोपली. जेवली नाही. त्यानंतर घरात तो वास कधी आला नाही आणि त्याचंच तिला लय लागलं. सकाळी उठून ती दादाचा जुना शर्ट हुंगायची, ठेवून द्यायची.

आता आई फारशी बोलत नाही. बाई निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडं गेल्या. मला मात्र अहवाल वाचायची सवय लागून राहिली. मागच्या वर्षी मी दुसऱ्याच एका कंपनीचे थोडे शेअर माझ्या नावानं घेतले. तिचा अहवाल आला तेव्हा दुपारी ओट्याशी उभ्यानंच मी शेवटची पानं उघडली. टिपांमध्ये एक ओळ होती, कामगारांच्या दाव्यांची, कंपनीला मान्य नसलेली. समोर आकडा. ती माणसं कुठली, कशानं गेली किंवा गेली की नाहीत, काहीच लिहिलेलं नव्हतं. मी ती ओळ नकळत मोठ्यानं वाचली असावी.

आतल्या खोलीतून आईनं विचारलं, "कुनाचं हाय गं?"

मी अहवाल घेऊन आत गेले आणि तिचं बोट त्या ओळीवर ठेवलं.