मांडीवरचं खापर

वडिलांनी निवृत्तीनंतर लाल रंगाची, जमिनीला पोट टेकेल अशी ठेंगणी, वेगवान गाडी घेतली, तेव्हा जळगावच्या आमच्या गल्लीला पुष्कळ दिवस विषय पुरला. "आबा, लायसन्स नवं काढलं की जन्मतारीख?" शेजारच्या भाऊंनी विचारलं होतं. वडील काच वर करून निघून गेले. गाडीचा आवाज मात्र चौकापर्यंत ऐकू आला.

गेल्या दिवाळीनंतर वडील गेले. गाडी राहिली. तिच्यात बसायला आईला माझा एक हात लागतो, बाहेर यायला दोन्ही, शिवाय भाऊंचेही. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी वडिलांच्या नावाची घागर भरायची होती आणि दुसऱ्या दिवशी आईला तिच्या माहेरी, धुळ्यात देवपूरला न्यायचं होतं. तिथे मांडे तिच्याच हातचे लागतात, तेही तिच्या स्वतःच्या, उलट्या घागरीसारख्या मातीच्या खापरावर भाजलेले. पण तिचे गुडघे या गाडीतून तेवढं जायला तयार नव्हते. मामांनी सुचवलं, ही देऊन घरच्यांसाठी मोठी सेडान घे. मी रोज रात्री गाड्यांविषयी वाचत बसू लागलो. खरं तर मला वडिलांची गाडी देववत नव्हती, आणि वाचन चालू असलं की निर्णय घ्यावा लागत नाही.

"परीक्षा कधी शे?" आईने एकदा विचारलं.

शेवटी आम्ही शोरूमला गेलो. आईने खापर बरोबर घेतलं होतं, जुन्या लुगड्यात गुंडाळून. गाडी कसली, खापर मावतंय का ते पाहायचं, असं तिचं म्हणणं. विक्रेत्याने नव्या मॉडेलचे बदललेले दिवे, मागचा कॅमेरा, मागच्या सीटपर्यंत येणारा एसी, सगळं दाखवलं. आई कुणाचा हात न धरता आत बसली, उतरली, पुन्हा बसली. मग त्याने डिकी उघडली. "काकू, अशी दोन खापरं बसतील."

"बसतीन. पन ते मांडीवर ऱ्हास."

मी त्याला समजावलं, आमच्या गाडीच्या डिकीत जागाच नाही, म्हणून तशी सवय आहे. आई हसली.

"जागा व्हती रे. मांडीवर खापर दिखनं म्हणजे तुन्हा बाप गाडी हळू चालाडे. मन्हं कोठे आयके तो?"

आणि इतकी वर्षं वडील कुरकुरायचे, हिच्या खापरापायी ट्रॅक्टरवाले मला मागे टाकतात.

चालवून पाहायला आम्ही ती गाडी एरंडोलच्या रस्त्याला काढली. आई माझ्या शेजारी, खापर तिच्या मांडीवर. मी नेहमीसारखाच चालवत होतो. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "थांब." एकटीच उतरली. मला डिकी उघडायला लावली, खापर आत ठेवलं, लुगडं चारही बाजूंनी नीट खोचलं आणि परत येऊन बसली. मोकळ्या मांडीवर हात कुठे ठेवावेत ते तिला बराच वेळ सुचेना. मग तिने पदर सारखा केला.

"आते जरा पाय दे," ती म्हणाली. "मांगे बैलगाडीवाला खोळंबेल शे."

शोरूमला परतल्यावर मी लाल गाडीची किल्ली विक्रेत्याला दिली. आईने ती त्याच्याकडून मागून घेतली, पदराने पुसली आणि परत दिली.